रंग जुळले तेव्हा

“माझ्या लिंबांचा जीव कोणी घेतला?”

तिने स्क्रीनवरून मान वर केली. दारात तो उभा. खांद्याला कॅमेरा, केसांतून पाणी निथळतंय, आणि राग... राग तर नाकाच्या शेंड्यावर.

पडदे-चादरी विकणारी कंपनी होती ती. कंपनीच्या ब्लॉगवर देखण्या घरांचे फोटो झळकत, पण तिथे रंग चारच – साय, राख, वाळकं गवत आणि विटलेला गुलाबी. हा फोटो काढून पाठवायचा, आणि जे जे या चार रंगांत बसत नसे, ते ही स्क्रीनवर रंग बदलून बसवायची. आजवर ओळख तेवढीच.

“मीच घेतला,” ती म्हणाली. “पिवळा आमच्यात चालत नाही.”

“अहो, पण लिंबं पिवळीच असतात!”

“आमच्याकडची जरा... आजारी असतात.”

तो हसला. भांडायला आलेला माणूस, खुर्ची ओढून बसला.

मग त्याला तिला छेडायची वाटच सापडली. त्याच्या फोटोंत कधी पडद्याआडून लाल बादली डोकावायची, कधी उशीवर निळीशार छत्री.

“मुद्दाम करतोस ना?” तोवर ‘अहो’चं ‘अरे’ झालं होतं.

“करतो. तेवढा वेळ तरी तू माझाच फोटो बघत बसतेस.”

ती लाजली, आणि बादली पुसत राहिली – कडेकडेनं, हलक्या हातानं.

एका संध्याकाळी उशिरा तो आला, तर ती डोळ्यांत औषध घालून बसली होती.

“अगं, डोळे बघ तुझे, लालभडक. कंपनीचा पाचवा रंग!”

ती हसली नाही. “बाबा ताटावर बसून असतील रे. थकलेत आता, माझ्याशिवाय घास उचलत नाहीत.”

“मग सोड की ही नोकरी.”

“आणि जाऊ कुठे? दादाच्या गावी? तिथे बाबांना कोपरा मिळेल, माणूस नाही मिळायचा. ही नोकरी आहे, म्हणून आमची खोली आहे.”

त्यानंतर त्याचे फोटो यायला लागले ते चाळणीतून चाळल्यासारखे. सायीची भिंत, राखेचं भांडं, गवताची चटई. एक जुनं स्टूल तर त्याने स्वतः रंगवलं होतं, विटलेलं गुलाबी. ऊन कोवळं व्हावं म्हणून ढगाची वाट बघत तासन्‌तास बसायचा वेडा. तिच्या हाताला काही कामच उरेना.

“तुझी संध्याकाळ तुला परत,” तो म्हणाला.

ती उजेडातच घरी पोचू लागली. बाबांचा गरम घास, खिडकीतल्या गप्पा, आणि घरापर्यंतची ती लांबची वाट – मुद्दाम लांबची, दोघांची. सुख इतकं हलकं असतं, तिला ठाऊकच नव्हतं.

मग कंपनीच्या मॅडमनी तिला बोलावलं. “फोटो आता तयारच येतात. तुला ठेवू कशासाठी, तूच सांग बाई.” आवाज मऊ होता. तोच जास्त लागला.

त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“मी... मी उद्यापासून वाट्टेल ते रंग भरतो! मॅडमना सांगतो, सगळं मीच...”

“कळलंय त्यांना, काम माझ्यावाचून अडत नाही. आता ते कळलेलं कसं पुसशील?”

“मग माझ्याकडे या. दोघं.”

“एका खोलीत चौघे झोपता तुम्ही. बाबांना कुठे निजवू, कॅमेऱ्याच्या पिशवीत?”

“थोडं थांब ना. घर बघतो मी.”

“मी थांबेन रे, पण खोली आता सुटणार,” ती म्हणाली. “बाबांना तेवढा वेळ आहे का?”

दादा गाडी घेऊन आला. बोचकी चढली, बाबा चढले. तो गाडीच्या दाराशी आला तशी बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“हाच का गं? ज्याच्यामुळे तू लवकर घरी यायचीस?”

“हो, बाबा.”

बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “पोरा... फार गोड संध्याकाळी दिल्यास आम्हाला.”

त्याने वाकून बाबांच्या हातांवर कपाळ टेकवलं.

ती खिडकीतून वाकली. “ऐक... तू मला फार आवडतोस. रोज सांगणार होते.”

“मग आज का सांगतेस?” त्याने गाडीचं दार धरून ठेवलं.

दादाने गाडी सुरू केली. त्याचा हात दारावर तसाच होता. तिने एकेक बोट हळूच सोडवलं.