रिकाम्या चौकटीतली भोकं

दोऱ्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी भरतकामाची टोळी जमायची. टोळी कसली, तिघंच: दुकानाच्या वहिनी, निवृत्त पोस्टमनकाका आणि आत्या. हात टाक्यांवर आणि तोंडं गावभर. काका भरतकामात दोघींना पाणी पाजायचे, आणि तसं दर बुधवारी बोलूनही दाखवायचे.

टोळीला एक खोड होती. कुणाचंही काम हातात आलं की आधी ते उलटं करायचं. पुढून काय, सगळेच देखणे! खरा हात कळतो तो मागच्या गाठी आणि लोंबते दोरे बघून.

आत्या भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी चित्र भरत होती. तीन बदकं, एक तळं आणि खाली रिकामी चौकट. चौकटीत जन्मतारीख भरायची, पण बाळ हातात आल्यावरच. त्याआधी तिथे सुई लावायची नाही, हा टोळीचा नियम. भाचीला याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा मधेच सगळं संपलं होतं, त्यामुळे यंदा या नियमाची थट्टा कुणी करत नव्हतं. डॉक्टरांनी महिनाअखेर सांगितली होती. आत्या वरवर बदकांशी भांडत होती, पण तिचा जीव टांगणीला लागला होता.

महिन्याच्या पहिल्या बुधवारी काकांनी चित्र उलटं केलं आणि चष्मा पुसला.

"ताई, इथलं काय उसवलंत?"

"इथे? इथे मी सुईच लावली नाहीये हो."

रिकाम्या चौकटीत बारीक भोकं होती. टाका उसवला की कापडाची वीण जराशी फाकलेली राहते ना, अगदी तशी. वापरलेलं कापड गळ्यात मारलं म्हणून काकांनी वहिनींना फैलावर घेतलं.

"माझ्या दुकानात?" वहिनी फणकारल्या. "तुमच्या डोळ्यांदेखत नव्या ताग्यातून फाडून दिलंय!"

आत्याने घरी जाऊन ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली. भोकं मिटली. विषय संपला.

पुढच्या बुधवारी, आठ तारखेला, ती परत आली होती, आणि वाढली होती. काकांनी कापड उलटं करून खिडकीशी धरलं. भोकाभोकातून ऊन आलं आणि नमुन्यांच्या वहीत असतात तसे दोन चौकोनी इंग्रजी आकडे दिसले.

"एकवीस," काका म्हणाले.



"एकवीसला काय?" आत्याने विचारलं. बाळ येणार की जाणार, हे विचारायला तिची जीभ रेटेना. वहिनींनी नुसताच तिच्या पाठीवर हात ठेवला.

भाचीला तिने यातलं काही सांगितलं नाही. "वीस तारखेला माझ्याकडे राहायला ये. दवाखाना समोरच आहे," एवढंच फोनवर म्हणाली.

पण भाची तिचीच भाची! पंधरा तारखेच्या बुधवारी ती आपली आपण दुकानात हजर. तारखेसाठी दोरा म्हणे स्वतः निवडणार. जांभळी लडी उचलली आणि ती तशीच उभी राहिली.

"आत्या, माझं पाणी गेलं वाटतं."

मग काय विचारता! वहिनींनी दुकान उघडं टाकलं. काका एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात वहिनींची चप्पल घालून गाडी आणायला धावले. वाटभर आत्या घोकत होती, आज पंधराच आहे, एकवीस नाही, पंधराच. त्यात धीर किती आणि धास्ती किती, तिचं तिलाच कळेना.

दिवेलागणीला नर्स बाहेर आली. "मुलगी! ठणठणीत आहे. आवाज ऐकताय ना?"

आवाज तीन मजले ऐकत होते. आत्या रडली, हसली, परत रडली. काकांनी दवाखान्याच्या बोळात चक्क फेर धरला.

एकवीस मात्र अजून यायचीच होती. आत्याने पिशवीतून चित्र काढून बोळातल्या दिव्याखाली धरलं. बदकं तिच्या समोर होती, कापड सुलट होतं. भोकं स्पष्ट वाचता येत होती.

पंधरा.

"अहो काका! तुम्ही उलटीकडून वाचलंत!"

काकांनी कापड दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं. चौकोनी पाच मागून बघितला की दोन दिसतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाची पाठची बाजू तपासणारा माणूस! ती तिघं इतकी हसली की नर्सने ओरडून त्यांना खाली पिटाळलं.

बाळ घरी आल्यावर आत्याने जांभळ्या दोऱ्याने पंधरा भरले. सुई आपोआप भोकात पडत होती. शेवटचा टाका घालून तिने कापड खिडकीशी धरलं.

पंधराच्या पुढे नवी भोकं होती.

आधी एक छोटी आडवी रेघ. मग चार आकडे. साल.

कापड सुलट आहे ना, हे तिने दोनदा बघितलं. मग बोटांवर त्या सालातून या सालाची वजाबाकी केली. चुकली म्हणून पुन्हा केली.

ब्याण्णव वर्षं.

"आत्या, काय गं? रडतेस काय?" पलंगावरून भाचीने विचारलं.

"रडतेय कुठे? वेडी." तिने पाळण्यात वाकून त्या एवढ्याशा मुठीचा मुका घेतला. "तुझी लेक आपल्या सगळ्यांना पुरून उरणार आहे बघ!"

ती इस्त्री तापवायला उठली. जाता जाता तिने त्या सालावरून अंगठा फिरवला. भोकांत जांभळ्या दोऱ्याचे तंतू अडकलेले होते, पार विटलेले. अंगठा लागताच त्यांची पूड झाली.