उलटं झाकण

त्यांची पहिली भेट उणे ऐंशी अंशांवर झाली. प्रेमाला ऊब लागते असं मानणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

प्रयोगशाळेतले गोठवलेले नमुने ती सांभाळायची. कुठल्या डब्यात, कुठल्या ओळीत कोण पडलंय, सगळं तोंडपाठ. सहीशिवाय सख्ख्या बापाचं रक्तही बाहेर सोडणार नाही अशी ख्याती, म्हणून सगळे तिला नाकेदारीण म्हणत. त्या सोमवारी तिनं फ्रीजरचं दार उघडलं, पांढरी वाफ लोटली आणि मागे उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरचा चष्मा पार धुकटला.

"वॉर्डातल्या आजोबांच्या हाडातल्या मज्जेचा नमुना आणलाय," तो भिंतीला म्हणाला.

"मी इकडे आहे."

तो वळला आणि अदमासानं हसला. हसू मात्र बरोबर पत्त्यावर पोचलं.

तिनं नळी डब्यात पहिल्या ओळीत पहिल्या जागी ठेवली, झाकण लावलं, दार बंद केलं. मग आठवडाभर डॉक्टर काही ना काही घेऊन येतच राहिला. आजोबांना बरं वाटत नसलं तरी त्याला बरं वाटत होतं.

शुक्रवारी तो धावतच आला. "आजोबांची नळी द्या. तपासणी आत्ताच लावतायत."

तिनं डबा काढला, झाकण उघडलं, पहिली नळी उचलून बोटानं हिम पुसलं... नाव दुसऱ्याच कुणाचं.

"दुसरीकडे कुठे असेल का?" त्यानं हळूच विचारलं.

"माझ्याकडे दुसरीकडे काही नसतं."

"आजोबा म्हणालेत, पुन्हा सुई टोचलीत तर पिशवी उचलून घरी जाईन. उपचार नकोत नि काही नकोत." तो थांबला. "जातील हो ते. फार हट्टी आहेत."

डब्यात शंभर नळ्या. बुचं सगळी सारखी, नावं पोटावर. एकेक उचलून बघावी तर बाकीच्या वितळायच्या. तिनं डबा झटकन आत सरकवला आणि हातातल्या नळीकडे पाहत राहिली.

"ही तर शेवटच्या ओळीतली. अगदी शेवटच्या कोपऱ्यातली."

"मग पहिल्या जागी कशी आली?"

"ती कुठेच गेली नाही. डबा फिरलाय." तिचा आवाज चढला. "झाकणावर लाल ठिपका असतो ना, त्याच्याखाली पहिली जागा. झाकण उलटं बसलंय—मी ठिपका बघून डबा धरला, म्हणजे डोक्याचे पाय झाले!"

डबा पुन्हा बाहेर आला. नळी आपल्या जागी गेली, समोरच्या कोपऱ्यातली वर आली. हिम पुसलं. आजोबा!

दोघं इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या खोलीतलं सूक्ष्मदर्शक क्षणभर थबकलं असेल. बर्फाची पेटी घेऊन तो पळाला, आणि थोड्याच वेळात धापा टाकत परतही आला.

"यंत्रात गेली. आजोबा म्हणाले, बरं झालं, पिशवी भरायचा कंटाळाच आला होता." मग जरा घुटमळून, "एक विचारू? झाकण लावलं कुणी होतं?"

"मीच."

"तुम्ही? आणि चूक?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

तिनं काही कारण नसताना फ्रीजरचं दार उघडलं. वाफ लोटली. "तुमचा चष्मा धुकटला होता..."

"माझा. तुम्हाला तर सगळं स्पष्ट दिसत होतं."

"तेच तर," ती म्हणाली. "दिसत होतं."

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. "मी रोज यायचो ते... कामासाठीच असं नव्हतं."

"माहितीये. बुधवारची नळी रिकामी होती."

"तरी ठेवून घेतलीत?"

"रीतसर नोंद करून."

उघड्या दारानं टीं-टीं करून गजर सुरू केला. बाहेरून प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंचा आवाज आला, "अहो नाकेदारीणबाई, दार कुणी उघडं टाकलंय? लावा आधी ते."

लावलंही असतं. पण दोघांपैकी कुणाचाच हात मोकळा नव्हता.