कंपनी चोर, मेकॅनिक देवमाणूस

"तुमची कंपनी चोर आहे!"

माझी सकाळ रोज याच वाक्याने उजाडते. कपडे धुण्याची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत मी तक्रारींचे फोन घेते. शिव्या ऐकून कान किटलेत नुसते! पण शिव्या संपल्या की तेच लोक आवाज खाली आणून म्हणतात, "बरं, तो तुमचा चष्मेवाला मेकॅनिक पाठवा हं. देवमाणूस आहे हो."

दोन वर्षं हेच ऐकत आले. मेकॅनिक परस्पर गोदामातून जातात, त्यामुळे त्याला कधी पाहिलं मात्र नव्हतं.

आज कार्मिक विभागातल्या बाई रजेवर, म्हणून साहेबांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. नोकरी सोडणाऱ्या एका मेकॅनिकचा फॉर्म भरून घ्यायचा होता. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत तो आत आला... आणि मी ओळखलं, हाच तो चष्मेवाला. अगं बाई, हा आत्ता कुठे भेटतोय, आणि आजच कायमचा चाललाय!

"सोडण्याचं कारण?" मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"स्वतःचं दुकान टाकतोय. इथे वाईट नाही हो... पण दुरुस्त होणारं मशीन 'नवीनच घ्या' म्हणून सांगायचं, ते माझ्याच्याने होत नाही."

"जवळच्या माणसाला इथे नोकरी करायला सांगाल?"

तो हसला. "कंपनीचं नाव काढलं की लोक दार लावून घ्यायचे. मग म्हणायचे, 'फोनवरच्या बाई इतक्या नीट बोलल्या, म्हणून या आत. तुमच्याकडे माणूस म्हणावं अशी तेवढीच एक!' ...तिला बघायचं राहूनच गेलं. कुठे बसते ती?"

"तुमच्यासमोर," मी म्हटलं. आवाज नेमका तेव्हाच चिरकला.

तो बघतच राहिला. मी उगाच फॉर्म उलटा केला, सुलटा केला.

"झाला का फॉर्म?" बाहेरून साहेब ओरडले. त्याची एक सही तेवढी राहिली होती. ती झाली की हा मोकळा.

"तुमच्या घरी... मशीन आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आहे की."

"काही बिघाड?"

"छे! ठणठणीत —" अरे देवा, काय बोलून बसले मी!

त्याचा चेहरा पडला. तो सहीसाठी वाकला, तसा मी फॉर्मवर पंजाच ठेवला.

"रविवारी दहा वाजता बिघडणार आहे," मी म्हटलं. "याल ना?"

"साडेनऊला आलो तर चालेल?"