केशरचं घर

साप पाळायची माझी हौस पुण्यापासूनची, पण ती फिटली इंग्लंडात रीडिंगला आल्यावर, २००६ साली. केशर म्हणजे नारिंगी रंगाची, बिनविषारी कॉर्न स्नेक. अजून पिल्लूच, जाडीला पेन्सिलीएवढी! माझ्या नवऱ्याची, साकेतची, एकच अट होती: "ती बाहेर दिसली की तू आणि ती, दोघी बाहेर." म्हणून तिचं घर निवडायला मी अख्खा वीकेंड दुकानं पालथी घातली.

काचेच्या टाकीतली ऊब वरच्या जाळीतून निघून जाते. प्लॅस्टिकचा डबा सुरक्षित, पण आतलं काही दिसत नाही. आणि मग दिसली ती! कोऱ्या लाकडाची, पुढे सरकत्या काचा आणि कुलूप असलेली चार फुटी पेटी. मी दुकानातच टाळी वाजवली.

"टू बिग, लव्ह," दुकानदार म्हणाला. एवढासा साप मोठ्या घरात बुजतो, खात नाही, असं त्याचं म्हणणं. पण मी ऐकतेय कसली!

पेटी घरी आली तेव्हा साकेतने कपाळाला हात लावला. "एवढी मोठी? हिला फ्लॅटमेट बघायचाय का?"

"बघूया की! अजून एक आला तरी मावेल."

"शुभ बोल गं. नव्या वास्तूत काही बोललं की वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू दे!" मला हसूच आवरेना. दिवसभर कोड लिहिणारा माणूस हा.

पेटीच्या उजव्या टोकाला खाली गरम मॅट, डावी बाजू थंड. दोन्हीकडे लपायला एकेक पालथी मातीची कुंडी, कड फोडून केलेल्या दाराची. सापाला ऊब हवी तेव्हा तो गरम बाजूला जातो, आणि खाल्लेलं पचायला तर ती हवीच.

केशर मात्र थंड बाजूलाच राहिली. खाल्लेलं उंदराचं पिल्लू तिने ओकून टाकलं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. मॅट डावीकडे सरकवली, तर केशर उजवीकडे गेली. परत उलट केलं, तर तीही उलट गेली. थर्मामीटर ठीक होता.

मग मी गरम बाजूची कुंडी उचलली. खाली पसरलेल्या भुशात वेटोळ्याचा ठसा उमटला होता. त्यातला एकेक वळसा माझ्या मनगटाएवढा रुंद होता.

"हे तू केलंस ना?" साकेतने विचारलं.

"वेडा आहेस का?"

पुढच्या शनिवारी तिथे कात सापडली. पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, अजून ओलसर. कुलूप जागच्या जागी होतं. साकेतने सोफ्यावर पाय वर घेतले आणि संध्याकाळभर खाली सोडले नाहीत.

केशर दिवसेंदिवस वाळत चालली होती. माझ्या हौसेपायी ती मरणार, या विचाराने मला रडू फुटलं. त्याच दिवशी जाऊन मी छोटी पेटी आणली, कोरी करकरीत. मोठीचे साकेतने तुकडे केले आणि कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, टाकून आला. नव्या पेटीचा कोपरान्‌कोपरा मी टॉर्चने तपासला, मॅट आणि कुंड्या तशाच मांडल्या, मग केशरला आत सोडलं.

"आता तरी नीट बोल," साकेत म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

मला लाज वाटली. पण केशरसाठी काचेवर हात ठेवून मी स्पष्ट बोलले, "या घरात एकच राहील."

सकाळी कुलूप काढून थंड बाजूची कुंडी उचलली.

रिकामी!

"साकेत, अरे ये ना! केशर उबेला गेली!"

तो धावत आला. मी त्याच्या गळ्यातच पडले. आता ती खाईल, आता जगेल, असं काहीबाही बडबडत होते.

तो हसत पेटीपाशी वाकला.

मग त्याचं हसू थांबलं.

"नीना, केशर केवढी आहे?"

"पेन्सिलीएवढी. का रे?"

त्याने नुसतं बोट दाखवलं.

गरम बाजूची जड कुंडी भुशावर टेकलेली नव्हती. ती जराशी वर उचलली गेली होती, आणि सावकाश, श्वासाच्या लयीत, खालीवर होत होती.