कच्चं खत

घंटागाडी सिंदीच्या त्या गल्लीत शिरली, की मेघाची रोज तारांबळ उडायची. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात वेळेवर पोचायचं, वेणी अर्धी घातलेली, आणि हातात कचऱ्याची गच्च पिशवी... पोळा झाल्यानंतरच्या एका सकाळी ती अशीच धावली आणि गाडीआड उभ्या असलेल्या एका उंच मुलावर जवळजवळ आदळलीच. त्यानं तिच्या हातची पिशवी घेतली, उघडली आणि चक्क आत डोकावला.

"भाजीचे देठ, केळीची सालं, चहाचा चोथा... हे सारं फेकून देता तुमी?"

"मंग काय, दागिने करून घालू?"

तो मान खाली घालून हसला. अश्वजित त्याचं नाव, गाव पवनार. शेतकीची पदवी घेतलेली, आणि एका संस्थेतर्फे तो घरोघरी ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवत होता. एखादी फुटकी बादली काढून ठेवा, रविवारी येतो, म्हणाला. आता असा मुलगा रविवारी येतो म्हटल्यावर कोणती मुलगी बादली शोधणार नाही? मेघानं तर चांगली बादलीसुद्धा फोडली असती, हे आपलं तुमच्या-माझ्यात.

रविवार सुरू झाले. तापल्या खिळ्यानं त्यानं बादलीला भोकं पाडली, तळाशी वाळला पाला पसरला, वर सालं, वर शेणाचा काला आणि आंबट ताक. मग काठीनं वरखाली करायचं. काठी एकच, हात दोघांचे... कधी बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही बादलीत फार लक्ष असल्यासारखं करायचे. मेघा आता तेलाला घरून स्टीलचा डबा न्यायची, भाजीवाल्यापुढं कापडी पिशवी धरायची. गावाचं भलं वगैरे ठीकच हो, पण रविवारी त्याला सांगायला काहीतरी हवं ना!

सगळं छान चाललं होतं, आणि मग मध्ये सुरभी आली.

सुरभी गल्लीच्या टोकाला राहायची. तिनंही त्याच सुमारास गच्चीवर बादली लावली होती. एका रविवारी अश्वजितच्या खांद्याला पोपटी रंगाची नवी पिशवी दिसली. तो पोपटी रंग मेघानं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाहिला होता, सुरभीच्या ओढणीवर. जुन्या ओढणीची पिशवी तिनंच शिवून दिली, असं त्यानं अगदी सरळ मनानं सांगितलं. "छान आहे," मेघा म्हणाली, आणि तिनं काठी अशी फिरवली की सालं उडून त्याच्या शर्टावर पडली.

पुढं तर कहरच झाला. दिवाळीच्या आधी सुरभीचं खत तयार झाल्याचं त्यानं जाहीर केलं. गल्लीतल्या बायका ते पाहायला गेल्या, आणि परत येताना कोकिळाकाकू मेघाच्या दारात थांबून म्हणाल्या, की त्या दोघांचा जोडा शोभून दिसतो. मेघाच्या अंगाची लाही लाही झाली. तिच्या बादलीचं काय? अश्वजित यायचा, चिमूटभर खत चोळायचा, वास घ्यायचा आणि मान हलवायचा. "कच्चं हाय अजून. पुढच्या रविवारी पाहू." दर रविवारी हेच. सुरभीचं सगळं झालेलं आणि आपलं सगळं कच्चं... मेघाला जेवण जाईना. तिला तो हवा होता, आणि तो दुसरीचा होईल या भीतीनं ती पार सैरभैर झाली होती.

दिवाळीचा चिवडा द्यायचं निमित्त करून ती सुरभीकडे गेली. बोलता बोलता गच्चीवर चढली आणि सुरभी पाणी आणायला वळताच तिच्या बादलीतलं मूठभर खत रुमालात बांधून घेतलं. शेजारणीचं चांगलं विरजण आणून आपण दही लावतो की नाही? तसं हे आपल्या बादलीत मिसळायचं, असा तिचा बेत.

घरी आल्यावर तिनं ते वर्तमानपत्रावर ओतलं आणि शेजारी आपल्या बादलीतलं ठेवलं. सुरभीच्या खतात कांद्याची सालं अजून ओळखू येत होती. आणि मेघाचं... काळंभोर, मोकळं, सालाचा मागमूस नाही, वास निव्वळ मातीचा. शेतकी शिकलेल्या माणसाला हे कळलं नसेल? तेही दर रविवारी? ती तिथंच भुईवर बसली. आधी तिला राग आला, मग छाती धडधडायला लागली.

अश्वजित आला तेव्हा तिनं ते वर्तमानपत्र त्याच्यासमोर धरलं आणि यातलं कच्चं कोणतं, एवढंच विचारलं. त्यानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. या वेळी तो हसला नाही.

"तुमचं कवाच झालं होतं. सुरभीच्या आधी."

"मंग खोटं काऊन बोलले?"

"ज्या घरचं खत झालं, तिथलं माझं काम संपते. सुरभीकडलं मी कच्चंच संपवलं, तवापासून तिकडं गेलो नाई. इथलं..." तो अडखळला. "इथलं मले संपवायचं नव्हतं."

मग त्यानं हळूच विचारलं, की हे दुसरं खत इथं आलं कसं. मेघाला सहज थाप मारता आली असती, पण तिला थापांचा कंटाळा आला होता.

"चोरून आणलं मी. जळत होती... तुमी तिचं नाव घेतलं का मले अन्न गोड लागत नव्हतं. आताही लागत नाई."

त्यानं मान वर केली. इतक्या रविवारांत तो पहिल्यांदाच तिच्याकडे असा सरळ बघत होता.

"मी तुलेच पाहाले येत होतो, मेघा."

तुमीचं तू कधी झालं, ते त्याला कळलं नसावं. तिला मात्र कळलं, आणि तिचे कान तापले.

"सांगाले काय झालं होतं?"

"तू नाई म्हणशील म्हणून भेवत होतो."

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, की झालं का गं खत एकदाचं. अश्वजितचा चेहरा पडला. मेघानं त्याच्याकडे बघतच मोठ्यानं सांगितलं, हो, झालं. मग आवाज खाली आणून ती त्याला म्हणाली,

"आता बिनाकामाचा येजो."