झुकलेली मान

त्या काळात कोल्हापूरकर चित्रं पाहायला नाट्यगृहात जात. पडदा वर गेला की जुन्या तैलचित्रांतली माणसं चौकटीतून उतरत आणि एक शब्दही न बोलता नुसत्या देहाने आपली गोष्ट सांगत. ही किमया ‘स्नायुलेखा’ची. चित्रकारासमोर बसलेल्या माणसाचा कुठला स्नायू किती ताणलेला होता, हे यंत्र रंगरेषांवरून ताडायचं आणि विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी तोच ताण नटाच्या अंगात उतरवायचं.

केतकी गवाणकरच्या वाट्याला ‘वेणी घालणारी’ आली. दीडशे वर्षं रसिक तिच्या झुकलेल्या मानेवर, अर्ध्या हसण्यावर जीव टाकत आले होते. काय ती लाज, म्हणत! पण तालमीच्या तिसऱ्या दिवशी केतकी घामाघूम होऊन डॉक्टर मुजावरांकडे गेली. स्नायुलेख त्यांचाच शोध.

“डॉक्टर, ही लाजत नाहीये. खांदा वर ओढलाय, पोट आवळलंय. हिला आता थप्पड बसणार आहे. ती चुकावी म्हणून हसतेय बिचारी.”

मुजावरांनी यंत्राने काढलेला ताणाचा आलेख न्याहाळला. “खरं आहे तुमचं,” ते हळूच म्हणाले.

चित्राच्या मालकाला हे खरं नको होतं. त्याने यंत्रातला तो मूळ आलेख पुसायला लावला आणि चित्र कुलपात टाकलं. केतकीने नाटक सोडलं. पण वेणीवालीने तिला सोडलं नाही. केतकीचा नवरा हेरंब फळीवरचा डबा काढायला हात वर करी, की हिची मान खाली जाई. त्याने आयुष्यात कधी तिच्यावर हात उगारला नव्हता.

“अगं, डबा काढतोय मी!” तो कळवळून म्हणे.

“एक इंजेक्शन पुरेल. शरीर शिकलेलं विसरेल,” मुजावरांनी सांगितलं. “पण ताई, तिच्यावर काय गुदरलं, याचा पुरावा आता फक्त तुमच्या अंगात उरलाय.”

“मग राहू दे. आजवर कुणी ऐकलं तिचं?”

हेरंब घरात हात खिशात घालून वावरू लागला. सहा महिने असेच गेले. एका सकाळी विसरून त्याने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. समोर त्यांची चार वर्षांची ओवी दूध पीत होती. तिने मान खाली घातली, खांदा वर ओढला आणि बाबाकडे बघून हसली.

तिला कुणी यंत्र लावलं नव्हतं.

केतकीने फोन लावला. “डॉक्टर, ते इंजेक्शन... लहान मुलांना चालतं का हो?”