समाधान झाले काय?

फोटोकाका सकाळी सातला रस्त्यावर दिसले की दुकानदार हळूच आपापल्या पायऱ्यांकडे बघून घेत. न जाणो, कुठे काही फुटलंबिटलं असलं तर! काका एकदा खाली वाकले की त्या फुटक्या वस्तूचा फोटो निघालाच म्हणून समजायचं, आणि फोटो निघाला की विभाग कार्यालयात तक्रार गेलीच.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती त्यांची. दुसऱ्यांच्या नजरेतून निसटलेला एखादा काना त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी कागद सोडला आणि रस्ता वाचायला घेतला. लोंबणारं टपालपेटीचं दार, झाकण नसलेलं गटार, चपलांच्या दुकानासमोरच्या बाकाची मोडलेली फळी, वाकलेला दिव्याचा खांब. प्रत्येकाचे दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून. जवळच्या फोटोत ते वस्तूशेजारी आपली चष्म्याची काळी डबी ठेवत, म्हणजे खड्डा केवढा आहे ते बघणाऱ्याला नीट कळावं. फोटो स्टुडिओत छापून घ्यायचे, तक्रारीच्या कागदावर चिकटवायचे आणि स्वतः नेऊन द्यायचे. कार्यालयाच्या संगणकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

तक्रारीच्या कागदावर सगळ्यात खाली छापलेली एक ओळ असे: ‘तक्रारदाराचे समाधान झाले काय?’ पुढे कोरी जागा. तिथे उत्तर लिहून सही केली की तक्रार मिटली. काका तिथे ‘नाही’ लिहीत. तीन वर्षांत त्यांनी दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं.

कारण या सगळ्यांच्या मुळाशी होती तक्रार क्रमांक एक.

तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी, ऐन सकाळी दहा वाजता, औषधांच्या दुकानासमोरची एक सुटी फरशी काकूंच्या पायाखाली उलटली. काकू पडल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. अकराव्या दिवशी गेल्या. फरशी फुटकी होती हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. पण कार्यालयाने चौकशी केली, हात झटकले आणि कागदावर शेरा मारला: ‘फरशी सुस्थितीत. सदर महिला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली.’

निष्काळजीपणा! काकूंचा! जिने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि एक बाही कधी पाव इंच इकडची तिकडे होऊ दिली नाही, तिचा! तो शब्द वाचला त्या दिवशी काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती अजून उतरली नव्हती. त्यांना कार्यालयाकडून बाकी काही नको होतं. त्या कागदावरून तेवढा एक शब्द काढून टाकायचा होता. दर महिन्याला ते तेच वाक्य लिहून देत: ‘माझी पत्नी जमिनीकडे पाहून चालत असे. हा शब्द काढल्याशिवाय मी सही करणार नाही.’

तीन वर्षं त्या वाक्याला उत्तर नव्हतं. मग एका सोमवारी टपालाने फोटो चिकटवलेलं पहिलं उत्तर आलं.

बाकाच्या फळीची तक्रार परत आली होती. काकांच्या फोटोशेजारी कार्यालयाने दुसरा फोटो चिकटवला होता. तोच बाक, मागे तीच भिंत, भिंतीवर तोच ओलीचा डाग. फळी मात्र नवीकोरी. खाली शिक्का: ‘काम पूर्ण.’

काका तसेच चपला घालून निघाले. बाकापाशी पोचले. फळी मोडलेलीच होती, खिळा वर आलेला होता आणि त्या खिळ्याला कुणाच्या तरी कपड्याची चिंधीही अडकलेली होती.

त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. कार्यालयाचे दोन मजले चढून ते चार नंबरच्या टेबलासमोर उभे राहिले. तिथला कारकून त्यांना चांगला ओळखत होता. काकांना बघितल्याबरोबर त्याने पेनाचं टोपण लावलं.

“ही काय डोळ्यांत धूळफेक चाललीये?” काकांनी कागद आपटला.

“काका, फोटो आहे ना? मग काम झालेलं असणार.”

“मी आत्ता बाक बघून येतोय!”

“फोटो जागेवरनंच येतात हो. आमच्या पाकिटात पडतात, आम्ही चिकटवतो.”

“कोण काढतं?”

कारकुनाने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलाने खिडकीकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी तिथेच उभ्या उभ्या ‘नाही’ लिहिलं आणि पेन असं दाबलं की कागद फाटला.

बुधवारी टपालपेटीचं उत्तर आलं. दार घट्ट बसलेलं, ताजा लाल रंग. काकांनी भिंग काढलं. अशी लबाडी करणारा कुठेतरी चुकतोच, आणि चूक शोधण्यात तर त्यांची हयात गेली होती. फोटोत पेटीखाली, काकांची डबी असायची तिथे, पिवळी टेप अंथरलेली होती. शिवणकामाची. तिचा पहिला इंच तुटलेला होता, आकडे दोनपासून सुरू होत होते, आणि तुटलेलं टोक उसवू नये म्हणून तिथे लाल दोऱ्याचे चार टाके घातलेले होते.

ते टाके कुणी घातले होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्यासमोर बसून घातले होते.

“घरात शिरले चोर!” काका एकटेच ओरडले. त्यांनी शिवणयंत्राचा खण ओढला. टेप आत होती. शेजारी काकूंची मापांची वही होती आणि ज्या जांभळ्या शाईने त्या मापं लिहीत तिची बाटली. बाटलीच्या तळाशी शाई वाळून खडा झाली होती. टेपवर बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली. कित्येक दिवसांत तिला कुणी हात लावलेला नव्हता.

त्यांनी खण लावला, पुन्हा उघडला आणि पुन्हा लावला.

रविवारी मुलगी आली. तिने फोटो टेबलावर मांडले आणि बराच वेळ बघत राहिली.

“बाबा, पुरे झालं आता. तुमची थट्टा करतंय कुणीतरी.”

“टेप बघ ना.”

“बघितली.” तिने फोटो उलटा करून ठेवला. “मी म्हणतेय सोडून द्या. सही करून टाका आणि माझ्याकडे राहायला या.”

“तिला निष्काळजी म्हणालेत ते! तुझ्या आईला!”

“मला माहीत आहे काय म्हणालेत ते. मलाही चीड येते. पण तुम्ही रोज सकाळी उठून त्याच फरशीपाशी जाता, बाबा. मला भीती वाटते.” असं म्हणून ती उठली आणि चहाचे कप विसळायला गेली. जाताना तिने तो उलटा फोटो परत सुलटा केला नाही.

काकांनी सही केली नाही. उलट त्यांनी भामट्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. गटाराची तक्रार अजून परत यायची होती. म्हणजे तो फोटो काढायला कुणीतरी येणारच. सोमवारी सकाळी त्यांनी घरातलं स्टूल उचललं आणि उघड्या गटारापासून चार पावलांवर, घड्याळाच्या दुकानासमोर, ठाण मांडलं. सातपासून बारापर्यंत ते जागचे हलले नाहीत. लोक हसले. घड्याळवाल्याने विचारलं, “काका, मासे लागतायत का?” काकांनी लक्ष दिलं नाही. वर ऊन चढत गेलं, खाली गटाराचा वास चढत गेला. फोटो काढायला कुणी आलं नाही. काकांनी नजर हलवली नव्हती याला घड्याळवाला साक्षीदार होता.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं.

फोटोत गटारावर जाड लोखंडी झाकण होतं. झाकणावर पिवळी टेप. मागे घड्याळाचं दुकान, आणि काचेतलं मोठं घड्याळ दहा वाजून पाच मिनिटं दाखवत होतं. कोपऱ्यात तारीख छापलेली होती. सोमवारची.

काकांनी भिंग लावून जागा शोधली. दुकानाच्या पायरीसमोर, फरसबंदीच्या डावीकडून तिसऱ्या चौकटीत ते बसले होते. पायरी होती. चौकट होती. स्टूल नव्हतं. त्या जागेवर फोटो काढणाऱ्याची सावली पडलेली होती. बाईची सावली. वाकलेली, डाव्या खांद्याला पिशवी.

काकू पिशवी डाव्याच खांद्याला अडकवत. उजवा हात कात्रीने दुखायचा.

काकांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना राग हवा होता. तीन वर्षं तो सोबतीला होता, हाक मारली की येत होता. आज त्यांनी हाक मारली आणि तो नुसता दारात येऊन उभा राहिला.

बुधवारी कार्यालयाची चिठ्ठी आली. तक्रार क्रमांक एक. समक्ष हजर राहावे, गुरुवारी सकाळी दहा वाजता.

जाताना ते औषधांच्या दुकानासमोर थांबले. फरशी तिथेच होती, एक कोपरा उचललेला. त्यांनी वाकून तिच्याशेजारी डबी ठेवली, फोटो काढला आणि डबी परत खिशात टाकली. मग कार्यालयाचे दोन मजले चढले.

कारकुनाच्या पुढ्यात जाडजूड फाइल होती. आज त्याने टोपण लावलं नाही.

“बसा काका. एक घोळ झालाय.”

“तीन वर्षं घोळच चाललाय तुमचा!”

“तसा नाही हो. या तक्रारीला दोन तक्रारदार निघालेत. एकाच क्रमांकावर. मिटवायची तर दोघांचंही समाधान लागतं, असा नियम आहे. तुमचा कागद हा.” त्याने पान उलटलं. “आणि हा दुसरा. तुम्हाला तक्रार मिटवायलाच बोलावलं होतं, तर आज सकाळी मी आलो तेव्हा हा फाइलीत होता. टायपिस्टने नावांची अदलाबदल केली असेल म्हणून मी सोडून देणार होतो. पण हाताने लिहिलेला आहे.”

काकांनी कागद जवळ ओढला.

तीच तारीख. तोच गुरुवार. तेच औषधांचं दुकान आणि तीच फरशी. खाली कार्यालयाचा शेरा, तोच शिक्का, तीच सही.

‘फरशी सुस्थितीत. सदर गृहस्थ स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडले.’

गृहस्थांचं नाव काकांचं होतं. वयही बरोबर होतं.

शेजारी फोटो होता. फुटकी फरशी, एक कोपरा उचललेला. तिच्यावर टेप ताणून धरलेली, दोनपासून. आणि फोटोच्या कडेला, पडताना खिशातून उडून गेल्यासारखी, चष्म्याची काळी डबी, उघडी.

काकांनी खिसा चाचपला. डबी होती.

शेऱ्यावर कुणीतरी आडवी रेघ मारली होती. रागाने, कागद फाटेपर्यंत. खाली जांभळ्या शाईत, मापांच्या वहीतल्या त्या टोकदार अक्षरांत, लिहिलेलं होतं: ‘माझे पती जमिनीकडे पाहून चालत असत. हा शब्द काढल्याशिवाय मी सही करणार नाही.’

तीन वर्षं! तीही तीन वर्षं या मेल्यांचे दोन मजले चढत होती. त्या दुखऱ्या हाताने लिहीत होती. आणि तिलाही यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

“ओळखता का या बाईंना?” कारकुनाने विचारलं.

काकांनी कागद आणखी जवळ ओढला.

“काका, माझं ऐका. तुम्ही तुमच्यापुरतं ‘होय’ लिहा. तुमच्या मिसेसचा शेरा मी साहेबांना सांगून आजच्या आज काढून घेतो. शब्द देतो. मग या दुसऱ्या कागदाला काही अर्थच उरत नाही, तो मी फाडून टाकतो.”

हेच तर हवं होतं. एक शब्द काढून घ्यायचा होता. काकांनी पेन उचललं.

मग त्यांनी आपला कागद बाजूला सारला.

“फाडून टाकता?” ते म्हणाले. आवाज चढला नाही. “तिने लिहिलेलं तुम्ही फाडून टाकता?”

दुसऱ्या कागदाच्या तळाशी तीच छापील ओळ होती. समाधान झाले काय? पुढे जांभळ्या अक्षरांत ‘नाही’ होतं, खाली दोनदा रेघ ओढलेलं.

काकांनी मनगट कागदावर टेकवलं आणि तिच्या ‘नाही’खाली आपलं ‘नाही’ लिहिलं. सावकाश, सुवाच्य अक्षरांत. दोनदा रेघ ओढली.

हात उचलला तेव्हा तळव्याची कड जांभळी झाली होती.

तिची शाई अजून ओली होती.